वन्संचा कौल

तुमच्या आत्याआजीइतकी अव्यवस्थित, हट्टी आणि देवभोळी बाई सबंध पोलादपूर तालुक्यात दुसरी सापडणार नाही, आणि जोडीला महाड तालुका धरला तरी निकालात फरक पडेल असं मला वाटत नाही. हे मी पन्नास वर्षांच्या अनुभवावरून लिहिते आहे. त्या तुमच्या आजोबांच्या धाकट्या बहीण, म्हणून मी त्यांना लग्न होऊन आल्या दिवसापासून वन्सं म्हणते आणि त्या मला वहिनी. तुम्ही नातवंडांनी त्यांना परदेशातून व्हिडिओ कॉलवरच पाहिलं आहे, तेही अर्धंमुर्धं, कारण वन्सं फोन कपाळासमोर धरतात आणि पलीकडच्याला एक मोठं कुंकू तेवढं दिसतं. त्यांनी लग्न केलं नाही. दोनदा स्थळं आली आणि दोन्ही वेळा देवीनं नकार दिला, असं त्या सांगतात. देवीनं त्या दोन मुलग्यांवर मोठे उपकार केले, असं माझं मत आहे.

आंबेनळी घाट चढायला लागण्याआधी एक कच्चा रस्ता आत वळतो. त्याच्या टोकाला वाघजाईचं देऊळ आणि देवळाला चिकटून वन्संचं बालगृह. आईबाप नसलेली अकरा मुलं तिथं राहतात, जेवतात आणि गावच्या शाळेत शिकतात. हे सगळं सुरू कसं झालं विचारलं तर वन्सं म्हणतात, "देवीनं पाठवली." माझी माहिती थोडी वेगळी आहे. एका पावसाळ्यात वरच्या वाडीवर दरड आली, दोन पोरकी भावंडं देवळाच्या सभामंडपात येऊन बसली, वन्संनी त्यांना भात वाढला आणि परत पाठवायचं विसरल्या. ती दोघं आता नोकरीला आहेत, पण विसरण्याची सवय राहिली. पुढे सरकारी नोंदणी, तपासण्या, हजेरीपट आले आणि ते सगळं माझ्या गळ्यात पडलं. मी महाडला पंचवीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. माझ्या घरात कात्री अंधारातही हाताला लागते. वन्संच्या घरात कात्री देव्हाऱ्यात, झांजा भाताच्या टोपात आणि मुलांचे दाखले लोणच्याच्या फडताळात सापडतात. तरी दर शनिवारी मी एस.टी.नं तिकडे जाते, मुलांना इंग्रजी शिकवते आणि कचेऱ्यांची पत्रं लिहिते. कुणीतरी शुद्धीवर असलेलं माणूस तिथं लागतंच.

आता कौल म्हणजे काय ते सांगते, कारण तुमच्याकडे निर्णय घ्यायला लोक डोकं वापरतात असं ऐकते. देवीच्या पाषाणावर ओल्या हातानं फुलाच्या दोन पाकळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एकही पडली नाही तर बसून राहायचं. पूर्वी हे काम गुरवाकडे होतं. गुरव मुलाकडे मुंबईला गेला, देवी इथंच राहिली, म्हणून वन्संनी ते अंगावर घेतलं. आपल्या भागात लोक लग्नाला, जमिनीला, मोठ्या दुखण्याला कौल लावतात. वन्सं आमटी की कढी तेही विचारतात. मुलगा कबड्डीत जावा की लेझमीत, हे पाकळी ठरवते. एकदा एका मुलाची दाढ सुजून गाल नारळासारखा झाला होता आणि वन्सं सकाळपासून गाभाऱ्यात बसल्या होत्या, कारण पाकळ्या काही हलायला तयार नव्हत्या. मी त्या मुलाला उचललं, महाडला नेलं, दाढ काढून परत आणलं. संध्याकाळी चारला उजवी पाकळी पडली. वन्संनी बाहेर येऊन मुलाच्या गालावरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "बघा वहिनी, आईनं होकार दिला. आता न्या त्याला डागदराकडं."

या कौलाचा एक कडक नियम आहे. एकदा विचारलेलं पुन्हा विचारायचं नाही. कुणी गावकरी नकार घेऊन घुटमळत उभा राहिला की वन्सं त्याला हाकलत. "आईनं सांगितलं म्हंजे सांगितलं. ती काय बाजारातली हाय, घासाघीस करायला?"

शाळेच्या प्रवेशाचे फॉर्म वन्संनी एकदाच भरले. त्यानंतर मी त्यांच्या हातात पेन दिलेलं नाही. अकराच्या अकरा फॉर्मवर पालकाचं नाव होतं वाघजाई. पालकाचा व्यवसाय, डोंगर राखणे. संपर्कासाठी, देवळात येऊन हाक मारणे. सहीच्या जागी कुंकवाचं बोट. तिथले हेडमास्तर माझे जुने विद्यार्थी. ते फॉर्मचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे आले आणि केविलवाण्या आवाजात म्हणाले, "बाई, हे मी ऑनलाइन कसं भरू? पालकाचा आधार नंबर मागतंय." मी वन्संना म्हटलं, अहो, तुमचं स्वतःचं नाव घाला. तर म्हणाल्या, "मी कोन? मी आपली वाढपी."

शिक्षणाविषयी त्यांच्या कल्पना अशाच. सकाळची आरती अर्धा तास चालते आणि शाळेची वेळ होते, म्हणून त्यांनी आरती आणि पाढे एकत्र केले. झांजेच्या ठेक्यावर दोनपासून तीसपर्यंत पाढे. मुलांना पाढे उत्तम येतात हे मी कबूल करते. पण झांज वाजल्याशिवाय येत नाहीत. एका मुलीनं स्कॉलरशिपच्या परीक्षेत सतरा नव्वे काढण्यासाठी बाकावर ठेका धरला, तेव्हा पर्यवेक्षकांनी तिला वर्गाबाहेर उभं केलं होतं. मी चार रंगांत एक वेळापत्रक करून दिलं. वन्संनी ते फार आवडलं म्हणून सांगितलं आणि पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून घातलं.

महाबळेश्वरला निघालेली शहरातली माणसं वाटेत थोडं पुण्य करावं म्हणून कधीकधी तिथं थांबतात. एक सद्गृहस्थ मुलाच्या वाढदिवसाचा केक घेऊन आले. आमच्या मुलांनी ओळीत उभं राहून गाणं म्हणावं, मग एकेकानं थँक्यू म्हणून केक घ्यावा आणि त्यांच्या पत्नीनं ते मोबाइलवर टिपावं, असा बेत होता. वन्सं म्हणाल्या, "आमची पोरं दरबारात उभी राहनार नायत. तुमीच बसा पंगतीला, ती वाढतील." आणि खरोखर त्या कुटुंबाला जमिनीवर पाटावर बसवून आमच्या मुलांनी त्यांचाच केक त्यांना केळीच्या पानावर वाढला, वर भात घ्या म्हणून आग्रह केला. गृहस्थ लाल होऊन निघून गेले. क्षमेचं पत्र अर्थात मीच लिहिलं. ते लिहिताना मला हसू आलं होतं, हे वन्संना कळता कामा नये.

यावरून तुम्हाला त्या घराची कल्पना यावी. आता सायलीची गोष्ट सांगते. ती तुम्ही मनातच ठेवायची, सुट्टीत आलात तर तिच्यासमोर एक शब्द काढायचा नाही.

सायली पाच वर्षांची असताना आली. यंदा दहावीला शाळेत पहिली आली. तिला नर्स व्हायचं आहे आणि ती होईल, कारण माझ्याखेरीज त्या घरात वस्तू जागच्या जागी ठेवणारी तेवढी एकच आहे. निकालानंतर पंधरा दिवसांत तिचा मुंबईकडचा चुलता उगवला. पायात पांढरे बूट, हातात डझनभर केळी. पुतणीला घरी न्यायचा अर्ज त्यानं जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे आधीच दिला होता.

"आत्या, टेन्शन नका घेऊ," तो म्हणाला. "दहावी झाली, बास झालं की आता. मिसेस ड्युटीला जाते, घरात दोन लहान पोरं. सायली हेल्प करील. टाइमाला लग्न पन लावून देऊ."

"किती वर्सांनी आलास रे?" वन्संनी विचारलं.

"कामच तसं हाय, आत्या. सुट्टीच नाय भेटत."

"अकरा वर्सं?"

तो केळी खाली ठेवून उगाच हसला. वाईट माणूस नव्हता. त्याला घरात दोन हात हवे होते आणि ते त्याला रक्ताच्या नात्यात सापडले होते, इतकंच. समितीनं सायलीला विचारलं, तर ती खाली मान घालून म्हणाली, "आत्या सांगंल तसं." तेव्हा समितीनं बालगृहाचं मत लेखी मागवलं. म्हणजे त्या मुलीचं पुढचं सगळं आयुष्य वन्संच्या एका सहीवर आलं.

मत मी सहा मुद्द्यांत लिहून नेलं होतं. सायलीनं इथंच राहावं आणि शिकावं, याला त्या पत्रात कुठेही पळवाट नव्हती. चुलता रस्त्यावरच्या टपरीवर चहा प्यायला गेला होता, मुलं ओढ्यावर होती. मी कागद पुढे केला. वन्सं म्हणाल्या, "विचारून येते."

मी संतापले. एका मुलीचं शिक्षण तुम्ही फुलाच्या पाकळीवर टांगणार का, असं मी तोंडावर विचारलं. वन्सं हात धुऊन आत गेल्या. मी गाभाऱ्याच्या दाराशी उभी राहिले. त्यांनी चाफ्याच्या दोन पाकळ्या लावल्या आणि म्हणाल्या, "आई, सायलीनं हितंच राहून शिकावं का?" त्यांचा हात मागे येण्याआधी डावी पाकळी पडली.

"वन्सं," मी म्हटलं, "पाणी कमी लागलं असेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मग जे मी पन्नास वर्षांत पाहिलं नव्हतं ते त्यांनी केलं. पुन्हा हात ओला केला, दोन नव्या पाकळ्या नीट दाबून लावल्या आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी, मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत देव न मानणारी बाई, त्या उजव्या पाकळीकडे डोळे लावून उभी होते. डावी पडली.

वन्सं उठल्या. एरवी शेजारणीशी बोलावं तशा त्या देवीशी बोलत, तशाच बोलल्या, फक्त आवाज खाली होता. "दोनदा सांगितलंस. ऐकलं मी. पन पोर जानार नाय. तुझा शब्द मी मोडते हाय, ती नाय. जे करायचं ते मला कर." नमस्कार न करता त्या उलट्या पावलांनी बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "कुठं करू सही?"

चुलता टपरीवरून आला. देवीला विचारल्याशिवाय इथं काही ठरत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. "काय बोलली देवी?"

"देवीचं नाव मधी आनू नको. मी सांगते, पोर राहील."

"पन आत्या, कौल काय..."

"मी सांगते म्हटलं ना रे? चा झाला का तुझा? मग जेवून जा."

खोटं बोलून तो प्रश्न एका वाक्यात मिटला असता. ते त्यांना सुचलंही नाही. समितीनं आमचं मत मान्य केलं. सायली आता रोज एस.टी.नं पोलादपूरला अकरावीला जाते.

तुम्हाला वाटेल आजी जिंकली. मलाही दोन दिवस तसंच वाटलं. पुढच्या शनिवारी गेले तर वन्सं देवळाच्या बाहेरच्या पायरीवर बसल्या होत्या आणि आत सायली पूजा करत होती. "मी आत जाऊ कशी, वहिनी? तोंड हाय का मला?" मी सगळं सांगून पाहिलं. वारा होता, पाषाण गुळगुळीत आहे, पाकळीला वजन असतं. शेवटी लाज सोडून असंही म्हटलं, की देवीनं कदाचित चुलत्यालाच नको म्हटलं असेल. वन्सं म्हणाल्या, "मी काय विचारलं ते मला ठावं हाय. तिला पन ठावं हाय." सायली पूजा आटोपून बाहेर येते, त्यांच्या कपाळाला अंगारा लावते आणि बसला पळते. आत्याचे गुडघे दुखतात म्हणून ती आत येत नाही, अशी तिची समजूत आहे.

कौल त्यांनी सोडला. आता रोज सकाळी सातला मला महाडला फोन येतो. "वहिनी, आज आमटी करू का कढी?" धाकट्याला सर्दी आहे, शाळेत धाडू का? ज्या जागेची मी पन्नास वर्षं टर उडवली तिथं वन्संनी मला नेऊन बसवलं आहे, आणि ते काम मला मुळीच जमत नाही. मागच्या गुरुवारी मी कढी सांगितली आणि ताक नासलेलं निघालं. देवी अशी चुकली की वन्सं तिला चांगलं फैलावर घ्यायच्या. मला त्या काही बोलल्या नाहीत.

गेल्या शनिवारी मुलं शाळेत होती. वन्सं पायरीवर तांदूळ निवडत होत्या. मी चपला काढल्या आणि त्यांच्या बाजूनं आत गेले. त्यांनी सूप हलवायचं थांबवलं, पण मान वळवली नाही. मला प्रार्थना येत नाहीत. मी त्या पाषाणाला एवढंच म्हटलं, "वन्संना आत बोलाव." पंचवीस वर्षं वर्गात उभी राहिल्यामुळे ते विनंतीसारखं न वाटता हुकमासारखं वाटलं असेल. तबकात चाफा होता, तांब्यात पाणी होतं. दोन पाकळ्या मी खुडल्यासुद्धा. बराच वेळ त्या ओल्या हातात धरून उभी राहिले, आणि मग तशाच तबकात ठेवून बाहेर आले. डावी पडली असती, तर पायरीवरच्या त्या बाईला मी काय सांगणार होते?