हिरव्या बाईचा हात

सातवीत असताना माझ्या हाती एक इंग्रजी कॉमिक लागलं. वह्यांना कव्हरं घालायला वडिलांनी लातूरहून रद्दी आणली होती, त्यात ते होतं. इंग्रजी येत नव्हतं. चित्रांवरून एवढं समजलं की एक हिरवी बाई आहे, वेली तिचं ऐकतात आणि तिने नुसता हात केला की माणसं गुंडाळली जातात. ती खलनायिका आहे हे कळायला पुष्कळ दिवस गेले. मला वाटलं, देवी असेल कुठली तरी.

त्याच उन्हाळ्यात मला पाळी आली. रेणापूरच्या आमच्या घरात त्याला कावळा शिवला म्हणत. आईने कोपऱ्यात चटई टाकून दिली आणि बजावलं, "तुळशीला शिवू नको. जळून जाती." दुपारी सगळे झोपल्यावर मी गेले आणि पाचही बोटं तुळशीत घातली. आपल्यालाही जमतं का, एवढंच बघायचं होतं.

चार दिवसांत तुळस जळाली. आजी अंगणात उभी राहून आईला बोलत होती, आई मान खाली घालून भांडी घासत होती. मी कबूल केलं. मग आजी माझ्याकडे वळली. घाबरले होते, पण आतून थोडी खूशही होते, हे आता लिहायला हरकत नाही.

पुढे ती बाई भेटतच राहिली. टीव्हीवरच्या कार्टूनमध्ये ती हिंदी बोलायची आणि उगाच खिदळायची. विष्णुपुरीला शिकत असताना होस्टेलच्या पोरींनी सिनेमा लावला, त्यात तिला इतके तंग कपडे होते की बिचारी वेली हलवणार कधी, असा प्रश्न पडला. आता मुलीच्या मोबाइलवरच्या मालिकेत ती चक्क दमलेली असते, मैत्रिणीशी मनातलं बोलते. ज्याने त्याने आपल्या सोयीने तिला रंगवलं. मी मुकाट बघते. बरं वाटत नाही, वाईटही वाटत नाही. नांदेडच्या आमच्या गॅलरीत दहा कुंड्या आहेत, त्यात एक तुळशीची; एकीलाही मी हात लावत नाही. पाणी नवरा घालतो.

यंदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आई आमच्याकडे राहिली. एका सकाळी म्हणाली, "जावईबापू पाणी घालायलेत अन् तू नुस्ती बघायलीस?"

मी तिला त्या तुळशीची आठवण करून दिली.

"ती तू न्हाई जाळली. म्या जाळली. पहाटं लाईट नव्हती. अंधारात घंगाळातून तांब्या भरला अन् तुळशीला घातला. गार पाण्याचं इसण घालायचं राहिलं व्हतं, पाणी कढत व्हतं. वाफ आली तवा कळालं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू कबूल झालीस. तू लेकरू, तुला किती बोलणार. मला सासूबाई लई बोलल्या असत्या."

मला राग यायला हवा होता. आला नाही. तिच्या डोळ्यात औषध घालायची वेळ झाली होती, ते घातलं. मग गॅलरीत जाऊन तुळशीत पाचही बोटं घातली. पानं गार होती. इतकी वर्षं घरात, ऑफिसात कुणी माझं ऐकलं नाही की मी मनातल्या मनात म्हणायचे, यांना माहीत नाही मी काय करू शकते. माझ्या हातात कधी काही नव्हतंच.