मोटार थांबवणारी बाई

लघवीसाठी पुन्हापुन्हा उतरणारा म्हातारा पाहून आपल्याला हसू का येतं? चिचगडहून गोंदियाला जाणाऱ्या मोटारीत आम्ही सगळे हसत होतो. तिसऱ्या वेळी कंडक्टर म्हणाला, "अब नाही थांबणार, बुढा. धर दाबून."

म्हाताऱ्याची बायको उठली. तिची छाती एका बाजूने सपाट होती, आणि ती झाकायला तिने पदर ओढला नाही.

"कायले हासून राहिले? माह्या छातीत कॅन्सरची गाठ होती. हाताले लागली, मी सांगतलं, डाक्तरनं कापली. यायची, माह्या बुढ्याची, बी तशीच गाठ, पण लघवीच्या वाटेवर, आत. हाताले लागत नाही, अन् यायनं लाजेनं सांगतलं नाही. लघवी मोकळी व्हावी म्हून सालभर पोटावर पळसाची फुलं बांधली. डाक्तर म्हणते, उशीर झाला. तरी मी दवाखान्यात नेऊन राहिली. थांबव गाडी."

गाडी थांबली. नवरा झुडपामागे बसला आणि ती कमरेवर हात ठेवून आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. कोणी हसलं नाही.

त्या बाईला लाज सोडता आली म्हणून ती जगली. आज घरी गेल्यावर तुमच्या वडिलांना लघवीचा काही त्रास होतो का, ते विचारा. ते "काही नाही" म्हणाले, तरी त्यांना दवाखान्यात न्या.