सक्तमजुरी आत्या आणि मांडीवरची बॅग

आमच्या आत्यानं गांजाच्या केसमध्ये सक्तमजुरी भोगली आहे, ही गोष्ट आमच्या शाळेत सगळ्यांना पाठ आहे. कुणी म्हणतं, तिनं गांजा उशीत शिवून नेला. कुणी म्हणतं, उशीत नव्हे, केसांच्या अंबाड्यात. वरच्या वर्गातल्या एकीनं तर मला बाजूला घेऊन, अगदी दवाखान्यात चौकशी करावी तशा आवाजात विचारलं, "आता बरी आहे ना गं ती? दगड फोडून हात वगैरे दुखत असतील."

दुखतो तो आत्याचा घसा, हात नव्हेत. ती तुरुंगाच्या आत कधी गेलेली नाही. अंबाड्याचं म्हणाल तर तिच्या केसांत एक पिन उभी राहत नाही, गांजा कुठला राहायला! आत्या बस स्टँडवर घोषणा करते. काचेची खोली, खुर्चीवर उशी, उशीवर आत्या, समोर माईक. कुठली बस कुठल्या फलाटावर लागली ते सांगायचं आणि मधूनमधून सरकारी सूचना वाचायची. त्यातली मुख्य सूचना अशी: "अमली पदार्थांचे सेवन करणे, ते जवळ बाळगणे, त्यांची वाहतूक वा विक्री करणे हा कायद्याने गंभीर गुन्हा असून, दोषी व्यक्तीस सक्तमजुरीची शिक्षा व दंड होऊ शकतो." यातला "सक्तमजुरी" हा शब्द ती असा काही घोळवून सोडते, की भोंग्यातून बाहेर पडल्यावर तो पहिल्या फलाटापासून शेवटच्या फलाटापर्यंत गडगडत जातो. म्हणून ती सक्तमजुरी आत्या. पोलिसांच्या जीपमधून ती एकदा घरी आली, हेही खरं. आख्ख्या गल्लीनं खिडकीतून पाहिलं आणि पुढची गोष्ट गल्लीनंच लिहिली. जीपचं कारण वेगळंच होतं, ते सांगतेच.

आम्ही सगळे एकाच घरात राहतो, आणि घरीसुद्धा तिचा माईक बंद होत नाही. "लक्ष द्या. बाथरूममध्ये बराच वेळ असलेल्या व्यक्तीने त्वरित बाहेर यावे. गरम पाणी संपत आले आहे." ही व्यक्ती म्हणजे आतोबा, तिचा नवरा. आतून आवाज येतो, "ही गाडी उशिरा धावत आहे!" आतोबांना घरात तिचं काहीच ऐकू येत नाही. स्टँडवर सोडायला गेले की मात्र दाराबाहेरूनसुद्धा स्वच्छ ऐकू येतं. डॉक्टरांनी कान तपासले, तर दोन्ही ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, "काका, याला औषध नाही."

शाळा सुटली की मी स्टँडवर जाते. बाबा, म्हणजे आत्याचा भाऊ, कामावरून येईपर्यंत तिच्या खोलीत बसून अभ्यास करते. अभ्यास म्हणजे, काचेतून माणसं बघायची आणि त्यांचे आवाज गोळा करायचे. चौकशी खिडकीतले दादा प्रत्येक उत्तर जांभईतून देतात: "बारा न्नन्नंबर." स्टँडचे हवालदार बोलण्याआधी घसा असा खाकरतात, की वाटावं ट्रक दुसऱ्या गिअरमध्ये पडला. आणि गेल्या महिन्यात आलेले नवे साहेब. त्यांना आम्ही म्हणजे-साहेब म्हणतो. कारण ऐकाच.

"म्हणजे आत्या, म्हणजे गैरसमज नको. म्हणजे तुमचं काम उत्तमच आहे. म्हणजे वरून मशीन आलंय."

साहेब वयानं आत्याहून मोठे, पण आख्खा स्टँड तिला आत्या म्हणतो म्हणून तेही म्हणतात. मशीन म्हणजे एक काळा डबा. त्याच्यात कुणा बाईचा आवाज भरलेला. अमली पदार्थांचा कायदा आता आणखी कडक झालाय, नवी सूचना आलीय, ती दर तासाला व्हायला हवी, आणि मशीनला ना पाणी लागतं ना रजा. मग आत्यानं काय करायचं? तर फलाटांच्या टोकाला "हरवले-सापडले"ची खोली आहे, तिथं बसायचं. तिथं बेवारशी छत्र्या असतात आणि एकेकटे बूट.

आत्याचा चेहरा पडला. तिचा चेहरा सहसा पडत नाही, त्यामुळे मी घाबरलेच. पण लगेच ती म्हणाली, "साहेब, छत्र्यांशी मी काय बोलू? एक करा. एक दिवस मशीन लावा, एक दिवस मी. दोन्ही दिवशी हॉलमध्ये फिरून लोकांना विचारा, आत्ता काय सांगितलं. ज्याचं लोकांनी ऐकलं त्याचा माईक."

साहेबांना न्याय फार आवडतो. "म्हणजे हरकत नाही," ते म्हणाले.

पहिल्या दिवशी डबा बोलला. "प्रवाशांनी. कृपया. लक्ष. द्यावे." प्रत्येक शब्द इस्त्री करून घडी घातलेला. शिक्षा सांगतानाही बाई इतकी गोड, की वाटावं बक्षीस जाहीर करतेय. साहेब हातात चहाचा कप घेऊन बाकांमधून फिरले. "म्हणजे आत्ता काय सांगितलं हो?" एक काका म्हणाले, "पाच नंबरला लागली." एक बाई म्हणाल्या, "काहीतरी स्वच्छतेचं." एक आजोबा म्हणाले, "कोण बोललं?"

आत्या काचेमागं खुशीत. पण साहेब परत येऊन म्हणाले, "म्हणजे उद्या तुमचंही असंच झालं, म्हणजे बरोबरी झाली, तर मशीनच ठेवावं लागेल. म्हणजे त्याला पगार नाही."

संध्याकाळी जेवताना मी आत्याला खरं काय ते सांगून टाकलं. "आत्या, तुझं कुणी ऐकत नाही. मी रोज काचेतून बघते ना! तू सक्तमजुरी म्हणतेस तेव्हा लोक बिस्किटं चहात बुडवत असतात. तुझा आवाज म्हणजे भिंतीचा रंग झालाय. असतो, पण दिसत नाही."

बाबा म्हणाले, "अगं, मोठ्यांशी कसं बोलतेस?"

"बोलू दे तिला," आत्या म्हणाली. "खरंच आहे ते. मला कधीच कळलंय." आणि मग तिनं जीपची गोष्ट सांगितली. ती मीसुद्धा तोवर धड ऐकलेली नव्हती.

काही वर्षांपूर्वी कॉलेजातली एक मुलगी स्टँडवर बसली होती. शेजारच्या माणसानं "जरा बॅग बघ हं, ताई, आलोच" म्हणून तिच्या पायाशी बॅग ठेवली. आमच्या स्टँडवर हे दिवसभर चालतं. कुणीही कुणाचीही बॅग बघतं, कुणाचंही खोकं पुढच्या गावापर्यंत नेतं. नाही म्हणणं म्हणजे उर्मटपणा. माणूस आलाच नाही, पोलीस आले. बॅगेत अफू. मुलगी म्हणाली, माझी नाही. पोलीस म्हणाले, मग तुझ्या पायाशी कशी? कोर्टात आत्याला साक्षीला बोलावलं. त्या दिवशी सूचना केली होती का? आत्या म्हणाली, केली होती, रोज करते. तेवढी साक्ष झाली आणि घरी जायला बस नव्हती, म्हणून पोलिसांनी जीपमधून सोडलं.

"मुलगी म्हणत होती, मी काही ऐकलंच नाही," आत्या म्हणाली. "बसली होती बरोब्बर भोंग्याखाली. शेवटी सुटली बिचारी. पण सुटेपर्यंत तिच्या मैत्रिणी नोकरीला लागल्या होत्या."

आतोबांनीसुद्धा ऐकलं. घरात असून.

पण मला गप्प बसणं फार जमत नाही. म्हटलं, "तरी उद्या कुणी मान वर करणार नाही. लाव पैज."

"लावली," आत्या म्हणाली. "तू जिंकलीस तर एक बस माईकवर तू सांगायची, हव्या त्या आवाजात. मी जिंकले तर आठवडाभर नकला बंद. माझी नाही, साहेबांची नाही, हेडबाईंची नाही. बोलायचं ते स्वतःच्या आवाजात."

मी टाळी दिली. मनातल्या मनात तर मी बारा नंबरची बस जांभई देत जाहीरसुद्धा करून टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉल गच्च भरलेला. साहेब हॉलच्या मधोमध उभे, एका हातात चहा, दुसऱ्या काखेत कसलंसं खोकं. आत्यानं माईक सुरू केला, नवा सरकारी कागद धरला आणि गोल गोल आवाजात वाचायला लागली: "...संबंधित अधिनियमातील सुधारित तरतुदींअन्वये..." लोकांनी बिस्किटं बुडवली. एकानं तर टोपी तोंडावर ओढून झोपच घेतली. सक्तमजुरी गडगडत शेवटच्या फलाटापर्यंत गेली आणि कुणाला न लागता परत आली. साहेबांनी तिथूनच हातवारे केले: म्हणजे झालं?

मी आत्याला कोपरानं ढोसलं. "बारा न्नन्नंबर!"

आत्यानं कागद उलटा ठेवला. पाणी प्यायली. आणि ज्या आवाजात ती आतोबांना बाथरूमबाहेर काढते, त्या आवाजात म्हणाली, "अहो, टोपी! उठा जरा. तुम्हीच. इकडे काचेच्या खोलीत बघा, मी आत्या बोलतेय."

टोपीवाला ताडकन उठला.

"आणि तुम्ही सगळे. आपापल्या मांडीवर बघा. पायाशी बघा. जी बॅग आहे ती तुमचीच ना? की कुणी 'आलोच' म्हणून ठेवून गेलाय? त्याचं नाव काय? राहतो कुठं? माहीत नाही? मग त्या बॅगेत गांजा निघाला, गोळ्या निघाल्या, तर पोलीस कुणाचा हात धरतील? 'आलोच'वाल्याचा? तो आलोच म्हणून गेलाय! धरणार तुमचा. कायदा आधी हे बघतो की माल कुणाजवळ सापडला. मला ठाऊक नव्हतं, हे मग तुम्ही पटवत बसायचं, तेही आत बसून. थोडा माल, थोडी वर्षं. विकण्याइतका माल असेल तर इतकी वर्षं, की आज मांडीवर असलेलं बाळ तुम्हाला भेटायला स्वतः तिकीट काढून येईल. आणि घरात कुणी नशेत अडकलं असेल तर लपवू नका, दवाखान्यात न्या. उपचार मागणाऱ्याकडे आणि विकणाऱ्याकडे कायदा एकाच नजरेनं बघत नाही. कळलं? आता ज्याची बॅग त्याला द्या."

हॉलभर बिस्किटं चहात विरघळली.

आणि मग जो काही गोंधळ उडाला! एका आजींनी मांडीवरची पिशवी विंचू असल्यासारखी लांब धरली. "अहो, घ्या हो ही! मला नातवाची मुंज नाही तर नाही, निदान परीक्षेचा निकाल तरी बघू द्या!" एक भला माणूस उपकार म्हणून तीन जणांच्या बॅगा सांभाळत होता, तो तिन्ही घेऊन लग्नघरातल्या यजमानासारखा प्रत्येकापुढे जात होता: "तुमची का? तुमची का?" एक नवी नवरी नवऱ्याला म्हणाली, "ही काळी तुमचीच ना?"

"अगं, तुझ्याच माहेरची आहे!"

"तरी उघडून दाखवा."

एक गृहस्थ मुतारीतून हात पुसत बाहेर आले, तर त्यांची बॅग हॉलच्या मधोमध एकटी, आणि भोवती लोकांचं रिंगण. "माझी आहे ती," ते म्हणाले. लोक एकदम म्हणाले, "नाव सांगा! राहता कुठं?" बिचाऱ्यांनी पत्ता सांगितला, वर जवळची खूणही सांगितली.

तेवढ्यात टोपीवाल्यानं साहेबांकडे बोट दाखवलं. "आणि साहेब, तुमच्या काखेत काय आहे?"

साहेबांनी काखेत बघितलं. खोक्याकडे त्यांनी असं बघितलं, जणू ते आत्ताच उगवलं. "म्हणजे... म्हणजे हे ड्रायव्हरला द्यायला... म्हणजे एका माणसानं..."

"नाव काय त्याचं?" आख्खा हॉल एका सुरात.

"म्हणजे... आलोच म्हणाला."

हवालदारांनी घसा दुसऱ्या गिअरमध्ये टाकला आणि खोकं उघडायला घेतलं. सगळे पुढे सरकले, मग कायदा आठवून सगळे मागे सरकले. दोरी, कागद, कागदाच्या आत फडकं, फडक्याच्या आत डबी. डबीत कवळी. वरची आणि खालची, दोन्ही हसत असलेल्या.

इतक्यात दारातून एक माणूस धावत आला. "अहो, जपून! वडिलांची आहे! ते दोन दिवस नुसत्या पेजेवर आहेत!"

हॉल असा हसला, की फलाटावरच्या ड्रायव्हरांनी इंजिनं बंद करून आत डोकावून बघितलं. साहेबही हसले, पण घाम पुसत पुसत. नंतर ते लोकांना विचारायला फिरले, तर विचारायची गरजच नव्हती. जो तो त्यांनाच कायदा सांगत होता. आजींनी तर त्यांची बाहीच धरली. "साहेब, आधी सापडलं कुणाजवळ ते बघतात म्हणे. पुढच्या वेळी काखेत काही घेऊ नका."

काचेच्या खोलीत येऊन साहेबांनी काळा डबा उचलला आणि छातीशी धरला. "म्हणजे हा माझाच आहे," ते लगेच म्हणाले. "म्हणजे वरून आलेला. म्हणजे परत पाठवतो. पण आत्या, सरकारी मजकूरही वाचावा लागेल."

"वाचेन की," आत्या म्हणाली. "आधी तो, मग माझा."

घरी बाबा दारातच थांबले होते. "काय झालं? सांग ना! साहेब काय म्हणाले? त्यांच्या आवाजात सांग!"

माझ्या जिभेच्या टोकावर सगळं होतं. कवळी, आजी, नवरी, घाम. आत्या माझ्याकडे बघत उभी.

"साहेब म्हणाले की मशीन परत पाठवतो," मी माझ्या आवाजात सांगितलं.

"एवढंच?" बाबा म्हणाले.

"एवढंच."

मग आत्यानं चपला काढल्या, पिशवी काखेत मारली, तिच्याकडे दचकून बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे... म्हणजे आलोच म्हणाला." बाबा हसून जमिनीवर बसले. आतोबांनी बाथरूममधून विचारलं, साहेब घरी आलेत का? आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तिचा "म्हणजे" माझ्यापेक्षा चांगला होता. मला तसं म्हणून दाखवायचीसुद्धा चोरी, कारण आठवडा आत्ता कुठं सुरू झाला होता.