मिलिमीटरची पोरं

आमच्या शेजारच्या मास्तरांना गल्लीत सगळे मिलिमीटर म्हणतात. नाव मी ठेवलेलं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. राहायला आले त्याच दिवशी त्यांनी माझं दार उघडून मिटून पाहिलं आणि म्हणाले, "बिजागरीपाशी दीड मिलिमीटर उतरलंय."

मी म्हटलं, "चोर आला की सांगतो त्याला, तेवढ्यातून घुस म्हणून."

ते हसले नाहीत. संध्याकाळी स्क्रू ड्रायव्हर घेऊन हजर!

मास्तर धंदेशिक्षणाच्या सरकारी संस्थेत टर्नरचा वर्ग घेतात. लेथवर लोखंडाचा दांडा फिरत ठेवायचा, धारदार टूल लावायचं आणि हवा तसा गुळगुळीत करायचा. काम झालं की मोजमाप नंतर, आधी अंगठ्याचं नख दांड्यावरून फिरवायचं. "नखाला लागलं ते मशीनला लागणार," हे त्यांचं वाक्य त्यांच्या बायकोलाही पाठ. त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येकाला ही सवय जडलेली.

पूर्वी गावात पंपांचा कारखाना होता. मास्तरांची पोरं परीक्षा झाली की सरळ तिथे. कारखाना बंद पडला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. वर्ग मात्र चालूच राहिला. फी कमी, जागा भरतात, लेथ फिरतायत, मग कोण कशाला विचारतंय?

यंदा नव्या प्राचार्यबाईंनी विचारलं. त्या म्हणाल्या, गावात हिंडा, कुठल्या कामाला माणसं हवीत ते बघा, ज्याला मागणी नाही तो वर्ग बंद. आणि हे काम दिलं मिलिमीटरलाच! मास्तरांची स्कूटर बिघडलेली, म्हणून माझ्या स्कूटरवर निघालो. माझं काम गाडी चालवायचं आणि तोंड बंद ठेवायचं. पैकी पहिलं मला येतं.

आधी गेलो गोदामांच्या आवारात. एका अंगाला पार्सलं, दुसऱ्या अंगाला फळं ठेवायचं शीतगृह. गेटवरचा उंच वॉचमन ताडकन उठला. "सर! बसा ना, सर." स्वतःची खुर्ची पुढे केली. बोलता बोलता त्याचा अंगठा गेटच्या लोखंडी गजावर खालीवर फिरत होता. नखाने.

मास्तरांचं वाक्य अर्धवट राहिलं. "कुठल्या वर्षीचा रे तू?"

"कारखाना बंद झाला ना, सर, त्याच वर्षीचा."

आतला मॅनेजर म्हणाला, मला वेळ नाही, काय हवं-नको ते आमच्या वॉचमनला ठाऊक असतं, त्यालाच विचारा. वॉचमन म्हणाला, "टर्नर हवेत, सर. फार गरज आहे." मी आत डोकावलो. खोक्यांवर खोकी. लेथ काय, साधा पाना दिसेना.

दवाखान्यात स्ट्रेचर ढकलणारा भेटला. त्याचंही नख स्ट्रेचरच्या दांडीवर. वर झोपलेले आजोबा घाबरून म्हणाले, "माप कसलं घेतोयस रे?" तिथेही तेच, साहेबांना वेळ नाही आणि स्ट्रेचरवाला म्हणतो, "टर्नर लागतात, सर." पुढे आणखी दोन ठिकाणी गेलो. सगळीकडे तेच अंगठे आणि तेच उत्तर.

परतताना मी म्हटलं, "मास्तर, दवाखान्यात टर्नर कशाला हो? पेशंट गोल करायला?"

मागून मास्तर म्हणाले, "पोरं खोटं बोलली."

"जीव आहे त्यांचा तुमच्यावर."

"एकाने तरी शिवी द्यायची होती."

त्यानंतर मास्तरांचं काहीतरी बिनसलं. वहिनी आमच्या हिला सांगत होत्या, बाजारात जायचं सोडलंय, भाजीवालीकडे पोती उतरवणारा माझाच विद्यार्थी म्हणतात, बसचा कंडक्टरही माझाच म्हणतात. न्हाव्याच्या दुकानातून तर अर्धी दाढी ठेवून उठून आले. मी जाऊन चौकशी केली. (चौकशी हा माझा पूर्णवेळ धंदा.) न्हावी बिचारा वस्तऱ्याच्या मुठीवरून नख फिरवत होता. पण त्याने आयुष्यात संस्थेची पायरी चढलेली नव्हती.

एकदा दुपारी मला वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. मशीनं नुकतीच थांबलेली, तेलाचा गरम वास. पोरापोरींच्या माना खाली, सगळ्यांचे अंगठे आपापल्या दांड्यावरून फिरतायत. बारीक करकर येत होती, भिंतीत काहीतरी चालत असावं तशी.

मास्तर माझ्या कानाशी म्हणाले, "कोण कुठल्या गेटवर बसणार, ते मला आत्ताच दिसतंय. तो उंच मुलगा पार्सलवर. ती चष्मेवाली दवाखान्यात."

मी माझा अंगठा मुठीत दडवला.

प्राचार्यबाईंना सांगायचा दिवस आला. वहिनी म्हणाल्या, "अहो, लोक जे बोलले तेच सांगा की. तुमच्या पदरचं काय त्यात? वर्गही राहील, नोकरीही राहील."

मास्तरांनी जाऊन सांगितलं, "मिळालेली उत्तरं खोटी आहेत." त्याआधी ते एकटे पुन्हा शीतगृहात जाऊन आले होते, या खेपेला आत थेट फोरमनकडे. गार ठेवायची मशीनं बिघडली की तिथे दर वेळी परगावाहून माणूस बोलवावा लागतो. "ती मशीनं दुरुस्त करायला शिकवणारा वर्ग सुरू करा, माझा बंद करा," म्हणाले. लेथ ट्रकवर चढले. मास्तरांना नव्या वर्गावर देखरेखीला ठेवलं, आधी स्वतः शिकून घ्या या अटीवर.

मग एका संध्याकाळी वॉचमन घरी आला. मी योगायोगाने जिन्यातच होतो. गल्लीतले बहुतेक योगायोग माझेच असतात.

"सर, वर्ग बंद केलात?"

"अरे, तुम्ही सगळे माझ्याखातर खोटं बोललात. मी ते कसं..."

"तुमच्याखातर?" तो दारातच उभा. आवाज चढला नव्हता. "सर, वर्ग चालू होता तोवर मी टर्नर होतो. काम मिळायचं राहिलं होतं, एवढंच. बायकोला हेच सांगत आलो, पोरीला हेच सांगत आलो. आता मी वॉचमन आहे."

वहिनी पाणी घेऊन आल्या. तो ते न पिताच गेला.

नव्या पोरांना प्रात्यक्षिकाला शीतगृहातच न्यावं लागतं. मी एक-दोनदा स्कूटरवर सोडलंय मास्तरांना, म्हणून बघितलंय. वॉचमन पोरांना हात हलवून आत सोडतो. मास्तरांना थांबवतो. खुर्ची पुढे करत नाही.

"नाव?"

मास्तर नाव सांगतात.

"काम?"

"शिकवतो."

वॉचमन त्यांच्याकडे बघत राहतो आणि सावकाश गेट उघडतो. पोरं आतून हाका मारत असतात, सर चला, सर चला.

मी एकदा म्हटलं, "अहो, मागच्या बाजूला गेट आहे की. तिथे कुणी काही विचारत नाही."

"माहीत आहे," मास्तर म्हणाले आणि पुढच्याच गेटकडे चालू लागले.