पाटीवरची शेवटची वेळ

सदाशिवभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी गडचिरोलीहून चंद्रपूरकडे निघालेल्या बसमध्ये होतो. हृदयविकाराचा झटका... पुढच्याच थांब्यावर उतरलो आणि परतीच्या बसची वाट पाहत उभा राहिलो. त्याला आता तीन आठवडे झाले.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. प्रकल्पासाठी मी रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात जाऊ लागलो, तिथले भाऊ जुने ऑपरेटर. कोणत्या गावाला कोणती गाडी, कोणता रस्ता, हे आमचा संगणक प्रत्येक फोनला दूरच्या सर्व्हरला विचारायचा. नेट अडकायचं, पलीकडचा माणूस ‘हॅलो, हॅलो’ करत राहायचा. मी ती माहिती सकाळी एकदाच वाचून संगणकातच साठवली, म्हणजे कॅशिंग केलं. उत्तर क्षणात येऊ लागलं.

“अन् दुपारी बदललं त त्याले कसं समजन?” भाऊंनी विचारलं.

“उद्या सकाळी परत वाचेल ना, भाऊ.”

“मंग नाल्याले सांगून ठेव, उद्यापर्यंत चढू नोको म्हनून.”

सगळे हसले. मीही हसलो, पण बदल काही केला नाही.

चार दिवसांनी, दुपारी, अडलेल्या बाळंतिणीसाठी फोन आला. स्क्रीनने झटकन नाल्यावरचा जवळचा रस्ता दाखवला. मी चालक कवडूला तोच सांगितला. तो रस्ता अकरालाच बंद झाला होता. सर्व्हरवर तशी नोंद होती, पण माझा संगणक सकाळचंच उत्तर देत होता. भाऊ दिवसातून दोनदा सगळ्या चालकांना फोन करून रस्ते विचारत आणि बंद रस्ता व विचारल्याची वेळ पाटीवर लिहीत. त्या दुपारी ते जेवून आले, मी कोणता रस्ता दिला ते ऐकलं, पाटीकडे पाहिलं आणि फोन उचलला.

“कवडू, कुठी हायस? मांगं फिर! नाल्यात गाडी घालू नोको, वरच्या रस्त्यानं जाय.”

बऱ्याच वेळाने कवडूचा फोन आला. “पोचवली, भाऊ. पोरगी झाली. दोघीबी बऱ्या हायेत.”

“भाऊ, मी हे काढून टाकतो,” मी कसंबसं म्हणालो.

“काऊन? बेस पयते ना. फक्त किती वाजताचं हाय थे लिव. अन् घडीघडी इचारत राय.”

तेव्हापासून आमचा प्रोग्रॅम दर दहा मिनिटांनी माहिती नव्याने वाचतो आणि रस्त्यापुढे वाचल्याची वेळ दाखवतो.

अंत्यसंस्काराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कक्षात गेलो. पाटीवर भाऊंच्या अक्षरात ते गेले त्या दिवशीची वेळ होती, बारा वाजून दहा. कोणी पुसली नव्हती. मलाही पुसवेना... मी कक्षातल्या फोनवरून कवडूचा नंबर फिरवला.

“बोला, भाऊ,” तो सवयीने म्हणाला.

“नाला कसा आहे?” मी विचारलं.

त्याने सांगितलं. मी पाटी पुसली आणि नवी वेळ लिहिली.