आईचा लेझीम वर्ग

आमची आई, अनसूयाबाई, सांगलीत मुलींचा लेझीम वर्ग चालवायची. मारुतीच्या देवळामागच्या मोकळ्या जागेत, रोज संध्याकाळी पाच वाजता. त्रेचाळीस ते सेहेचाळीस, जेमतेम तीन वर्षं. वर्ग म्हटलं की वाटतं, कमिटी असेल, चिटणीस असेल. कसलं काय! एकटी आई आणि बारा लेझमी, त्यातल्या चार तुटक्या.

पालकांचं तर विचारूच नका. एकही बाप कधी तिकडे फिरकला नाही. जागा झाडायला या म्हटलं की त्याच दिवशी सगळ्या बायकांची कंबर धरायची. वर, "तुमच्याकडे बघून पाठवतो हो," ही उपकाराची भाषा. घरात पाहुणा आला, पापड लाटायचे निघाले, की मुलगी गायब. मग आई दारोदार हाका मारत फिरायची. "कशाला या लष्कराच्या भाकरी भाजतेस?" आमचे वडील, अण्णा, विचारायचे. "तासभर तरी पोरी मोकळ्या हसतात," एवढंच ती म्हणायची.

तिचा हट्ट एकच. मुलगी लग्नाची झाली म्हणून वर्गातून काढायची नाही. आणि लोक नेमकी तेव्हाच काढायचे. शेजारची उमा आमच्यात सगळ्यांत चपळ. तिला बघायला फलटणचे लोक येणार म्हणून तिच्या आईने तिला घरी बसवलं, आणि वर्गाचं नावही काढायचं नाही अशी तंबी दिली. आई त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन कडाडली, "ठणकावून सांगा ना, खेळते म्हणून! चोरी केलीय का तिने?" उमा परत आली नाही. तिच्या मागोमाग आणखी तिघी गेल्या.

आम्ही सातजणी उरलो. दोन रांगांना आठ तरी हव्यात, म्हणून आई स्वतः पदर खोचून रांगेत उभी राहिली. खिडक्यांतून लोक हसायचे. मलाही तिची लाज वाटायची, आणि त्या लाजेची आज लाज वाटते.

सेहेचाळीसच्या मार्गशीर्षात मला बघायला साताऱ्याचे लोक आले. मुलगा कचेरीत कारकून, बरोबर त्याची आई आणि आत्या. पोहे करायला उमाची आई मदतीला आली होती. मला चालायला लावलं, वाचायला लावलं, सुईत दोरा ओवायला लावला. मग आत्याबाईंनी माझा हात हातात घेऊन तळव्यावरून अंगठा फिरवला.

"हे घट्टे कसले गं?"

मी आईकडे बघितलं. मला खरंच वाटलं, आता ही कडाडणार. स्थळ गेलं तरी चालेल, पण तिने एकदा कडाडावं असं मला फार वाटत होतं.

"जात्याचे," आई म्हणाली. "घरातलं सगळं दळण प्रमोदिनीच करते."

आमचं पीठ गिरणीतून यायचं. आत्याबाई खूश झाल्या. "कामाची आहे हो पोर," म्हणाल्या, आणि तिथल्या तिथे पसंती सांगितली.

पाहुणे गेल्यावर उमाची आई पातेलं घासता घासता म्हणाली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." आईने ऐकलं आणि ती कपबशा विसळत राहिली. दुसऱ्या दिवशी पाच वाजता मुली देवळामागे जमल्या, तिची वाट बघून घरी गेल्या. चौथ्या दिवशी कुणी आलंच नाही. लेझमी पोत्यात बांधून माळ्यावर गेल्या. मला तिचा राग आला होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही. तिच्या जागी मी तरी काय केलं असतं, हेही मला ठाऊक नाही.

माझ्या लग्नाला वर्गातल्या मुली आपापल्या आयांबरोबर आल्या होत्या. मांडवाच्या दारातच आईने त्या सगळ्यांना गाठलं. "साताऱ्याच्या माणसांपुढे लेझमीचा विषय काढू नका हं," ती हळूच म्हणाली.

"नाही हो अनसूयाबाई, काढू कशाला?" उमाची आई तिचा हात दाबत म्हणाली. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. पंगत उठेपर्यंत त्या आपापल्या मुलींवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवून होत्या. तीन वर्षांत पालकांनी आईला एकदिलाने साथ दिली ती तेवढीच.