सरडीचं माप

आमच्या धाकटीला घरात सगळे सरडी म्हणतात, आणि ते नाव मीच ठेवलंय. जग तिला पॉपस्टार म्हणतं, म्हणू दे. दर नव्या अल्बमला बाईसाहेबांचा नवा अवतार! आधी दोन वेण्या आणि शाळकरी फ्रॉक. मग चामड्याचं जाकीट आणि चक्क तुळतुळीत टक्कल. आईने अंथरूणच धरलं. मग चंदेरी झगा, ज्यात बसायची सोय नाही. पेपरवाले लिहितात, काय तिची कल्पकता! कल्पकता तिची, आणि तिचे कपडे शिवायला मशीनवर वाकून कंबरडं मोडतं माझं.

माप मात्र मी माझ्याच पद्धतीने घेते. छातीभोवती टेप धरायची आणि म्हणायचं, "हं, लाव वरचा सूर." सूर चढला की बरगड्या फुलतात, तेवढं कापड सैल सोडावं लागतं. एकदा घाईत न गाता माप घेतलं, तर भर कार्यक्रमात पाठीची चेन उसवली. झालं! लगेच गावभर पोरी उघड्या पाठीने हिंडायला लागल्या.

या खेपेला टेप धरली, तिने तोंड उघडलं आणि नुसती खरखर. टेप जागची हलेना. घशाचं ऑपरेशन झाल्यावर सगळं ठणठणीत आहे, असं ही जगाला सांगत सुटली होती.

"ताई, वरचा सूर गेला गं."

मी टेप गुंडाळून ठेवली. "मग परवाचा कार्यक्रम रद्द कर."

"रद्द केला तर पुन्हा कधी उभीच राहणार नाही मी."

हट्टी कुठली! या वेळी कापड सैल न सोडता मी झगा अंगाबरोबर शिवला.

ती त्याच फाटक्या आवाजात गायली. मी पडद्यामागे देव पाण्यात घालून बसले. आणि लोकांनी जो काय जल्लोष केलाय! सगळ्यांना वाटलं, हाच नवा अवतार. सकाळी पेपरातही तेच. आमच्या गल्लीतल्या पोरी तर घसा बसल्यासारख्या गुणगुणत होत्या.

मी पेपर नाचवत तिच्या खोलीत गेले, तर ही पलंगावर मुसमुसतेय.

"आता काय झालं? जिंकलीस की!"

"त्यांना वाटतंय मी मुद्दाम केलं." तिने नाक पुसलं. "खरं सांग, तुला आवडला हा आवाज?"

थाप मारता आली असती, पण बहिणीला काय थापा मारायच्या?

"नाही. मला तुझा जुनाच हवाय."

"मलाही," म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. बाहेर नव्या आवाजाचा उदोउदो चालला होता. जुन्यासाठी रडायला आम्ही दोघीच होतो.